ताई, आमदार व्हायचंय की खासदार?

(नाव, गाव आणि पक्ष, तिन्ही काढून टाकलंय. पत्र चांगलं चार पानी होतं, त्यातलं मुख्य तेवढं देतेय.)

"मी ४७ वर्षांची, मूळची नाशिकची, आता नॉर्थ कॅरोलिनात रालीजवळ राहते. एका फार्मा रिसर्च कंपनीत क्लिनिकल डेटाचं काम करते, नवरा आयटीत, मुलगी कॉलेजला, मुलगा नववीत. सात वर्षांपूर्वी सिटिझन झाले. आधी शाळेच्या पीटीएत होते, मग आमच्या टाउनच्या प्लॅनिंग अँड झोनिंग बोर्डवर (गावात कुठे काय बांधता येईल ते बघणाऱ्या) पाच वर्षं बसले, तिथे ओळखी झाल्या. आमच्या डिस्ट्रिक्टच्या (मतदारसंघाच्या) स्टेट हाउस (राज्याची विधानसभा) मेंबर आता परत उभ्या राहणार नाहीयेत. मागच्या महिन्यात काउंटी पार्टीच्या दोघीजणी घरी चहाला आल्या आणि म्हणाल्या तू उभी राहा. मला आधी हसू आलं आणि मग त्या रात्री झोपच नाही आली. नवरा म्हणतो हौस असेल तर कर पण नोकरी सोडू नकोस. मुलगा म्हणतो मॉम प्लीज नको. सासूबाईंनी नाशिकला अर्ध्या सोसायटीला सांगून टाकलंय की सून अमेरिकेत आमदार होणार. माझा हिशेब असा आहे की इथे दोन-तीन टर्म काढायच्या, नाव करायचं आणि साठीच्या आत काँग्रेससाठी (वॉशिंग्टनच्या संसदेसाठी) ट्राय करायचं. पण माझा अ‍ॅक्सेंट, पैसा, नोकरी, घर, सगळ्याचीच भीती वाटते. उभी राहू का?"

ताई,

आधी मनापासून अभिनंदन. कोणीतरी घरी येऊन, चहा पिऊन, 'तू उभी राहा' म्हणणं हे आपल्यापैकी फार कमी जणांच्या वाट्याला येतं आणि ते पाच वर्षं झोनिंग बोर्डवर बसून, ड्राइव्हवे आणि झाडांच्या सेटबॅकवर वाद ऐकून मिळवलेलं आहे, फुकट नाही मिळालं. फक्त एक गोष्ट लक्षात असू द्या, रिकाम्या सीटसाठी पार्टीला कोणीतरी हवंच असतं. त्या दोघी अजून किती घरी चहाला गेल्या हे विचारायला लाजू नका. उत्तर 'चार घरी' असं आलं तरी वाईट वाटून घेऊ नका, पण प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत) समोर कोण असणार ते तेवढ्यावरून कळेल.

आता सासूबाईंच्या शब्दापासून सुरू करू, कारण मला वाटतं तुमच्याही मनात तोच बसलाय. आमदार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, मुंबईचं विधान भवन, मागे चार गाड्या, आमदार निधी, दारात सकाळपासून कामं घेऊन आलेली माणसं. अमेरिकेत हा शब्द वापरायला हरकत काहीच नाही पण आतलं सामान वेगळं आहे, आणि ते प्रत्येक राज्यात वेगळं आहे. ५० राज्यांत मिळून ७,३८६ स्टेट लेजिस्लेटर (राज्यांच्या विधिमंडळांचे सदस्य) आहेत, ९९ सभागृहं (नेब्रास्काला एकच हाउस आहे म्हणून शंभराला एक कमी). न्यू हॅम्पशायर एवढंसं राज्य, तिथे एका हाउसमध्ये ४०० मेंबर आणि प्रत्येकाला वर्षाला पगार १०० डॉलर! हो, शंभर. तो आकडा १८८९ पासूनचा आहे. आणि दुसरीकडे न्यूयॉर्कमध्ये १,४२,०००. या दोघांना एकाच शब्दात आमदार म्हणायचं म्हणजे वडापावच्या गाडीला आणि ताजला दोन्हीला हॉटेल म्हटल्यासारखं आहे.

तुमचं नॉर्थ कॅरोलिना यात शंभर डॉलरवाल्यांच्या बाजूला जास्त आहे. हाउसमध्ये (खालच्या सभागृहात) १२०, सिनेटमध्ये (वरच्या) ५०, दोन्हीकडे टर्म दोनच वर्षांची. पगार वर्षाला १३,९५१ डॉलर, नव्वदच्या दशकापासून हलला नाहीये. वर महिन्याला ५५९ डॉलर खर्चासाठी, आणि सेशन चालू असताना दिवसाचे १०४ डॉलर भत्ता. तुमच्या आताच्या पगाराचा आकडा पत्रात होता, तो मी इथे लिहीत नाही, पण तुम्ही स्वतः डेटावाल्या आहात, भागाकार तुम्हीच करा. तुमच्या हाताखाली एक लेजिस्लेटिव्ह असिस्टंट असेल, एक. आमदार निधी वगैरे नाही. बजेटमध्ये एखाद्या गावाच्या पार्कसाठी पैसे घालता येतात पण ते कोणाचे घालायचे हे वरची मंडळी ठरवतात, आणि वरची मंडळी बहुमतवाल्या पक्षाची असतात. तुमच्या पक्षाचं नाव मी काढून टाकलंय पण तो सध्या अल्पमतात आहे हे सांगितल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही, त्यामुळे ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, सॉरी.

अल्पमतातल्या नवीन मेंबरचं बिल काय होतं माहितीये? तुम्ही कष्टाने लिहून घेता, चार को-स्पॉन्सर (बिलावर तुमच्याबरोबर नाव घालणारे मेंबर) जमवता, प्रेस नोट काढता, आणि मग ते रूल्स कमिटीकडे पाठवलं जातं. रूल्स कमिटी ही आपल्या घरातल्या माळ्यासारखी आहे, वर गेलेली वस्तू फेकलेली नसते, पण खाली येतेच असं नाही. म्हणून 'मी निवडून आले की शाळांसाठी हे करीन, ते करीन' असं जे पत्राच्या तिसऱ्या पानावर लिहिलंय, त्यातलं पहिल्या टर्ममध्ये कायदा म्हणून काही होईल ही अपेक्षा ठेवू नका. मग अल्पमतातल्या माणसाच्या हातात काय असतं? एक म्हणजे मतं मोजणं. तुमच्या राज्यात गव्हर्नरला व्हेटोचा (मंजूर झालेलं बिल अडवायचा) अधिकार मिळाला १९९७ मध्ये, सगळ्या राज्यांत शेवटी, आणि तो व्हेटो मोडायला तीन-पंचमांश मतं लागतात, म्हणजे सगळे हजर असले तर हाउसमध्ये ७२. एप्रिल २०२३ मध्ये ट्रिशा कॉथम या एका मेंबरने डेमोक्रॅटिक पार्टी सोडून रिपब्लिकन पार्टीत उडी मारली आणि त्या एका सीटने रिपब्लिकनांचे ७२ झाले. (पक्षांतर बंदी कायदा हा प्रकार इकडे नाही, आपल्याकडे असून काय होतं तो विषय आज नको.) पुढे नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत ते ७१ वर आले. म्हणजे कधी कधी एका खुर्चीवर तुम्ही बसलाय की नाही एवढ्यावर गोष्टी अडतात, भाषण न करता, बिल न मांडता, फक्त बसून.

आणि हे बसणं, ताई, तुमच्या नवऱ्याच्या 'नोकरी सोडू नकोस'च्या आड येणार आहे. इथे मी जरा जास्त वेळ घालवते कारण पत्रात तुम्ही हा मुद्दा एका ओळीत उरकलाय आणि अ‍ॅक्सेंटवर दीड पान लिहिलंय, खरं तर उलटं हवं होतं.

कागदावर हे काम पार्ट-टाइम आहे. मेरीलँडमध्ये सेशन ९० दिवसांचं, संपलं की संपलं. टेक्ससमध्ये दोन वर्षांतून एकदा १४० दिवस. असं असलं की माणूस ऑफिसात सांगू शकतो की जानेवारी ते एप्रिल मी नाही. तुमच्याकडे ही सोयच नाही. विषम वर्षी जानेवारीत लाँग सेशन सुरू होतं, सम वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी शॉर्ट सेशन, आणि संपायची तारीख कायद्यात लिहिलेलीच नाही. २०२३ मध्ये १ जुलैला लागू व्हायला हवं होतं ते बजेट ऑक्टोबरात लागू झालं, तोपर्यंत सगळे 'कधीही बोलावतील' या अवस्थेत. साधारण सोमवार संध्याकाळ ते गुरुवार असं आठवड्याचं चक्र असतं पण ते साधारणच.

११ सप्टेंबर २०१९ ची गोष्ट सांगते. सकाळी साडेआठचं सेशन, विरोधी पक्षाचे बरेच मेंबर हजर नव्हते, त्यांचं म्हणणं असं की आम्हाला सांगितलं होतं सकाळी मतदान होणार नाही, सत्ताधाऱ्यांचं म्हणणं असं की आम्ही असं काही बोललोच नाही. आणि त्या सकाळी बजेटवरचा गव्हर्नरचा व्हेटो हाउसने मोडला, ५५ विरुद्ध १५. १२० जणांच्या सभागृहात! पुढे सिनेटमध्ये ते अडकलं ते सोडा. मुद्दा हा की त्या सकाळी जर तुमची कंपनीची स्पॉन्सर मीटिंग असती तर तुम्ही कुठे असता? आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तुमचं नाव कोणत्या यादीत असतं?

म्हणून या कामात कोण टिकतं ते बघा. रिटायर्ड लोक, वकील, स्वतःचा धंदा असलेले, शेतीवाले, रिअल इस्टेटवाले, किंवा ज्यांच्या घरी दुसरा पगार भरभक्कम आहे असे. पगार कमी ठेवला म्हणजे राजकारण सेवाभावी राहतं असं म्हणणारे पुष्कळ आहेत, मला स्वतःला ते अजिबात पटत नाही, पगार कमी ठेवला की नोकरदार आणि लहान मुलांच्या आया आपोआप बाहेर राहतात, एवढंच होतं. पण मला पटत नाही म्हणून तुमचं ईएमआय भरलं जाणार नाही. तेव्हा बॉसला तोंडी नाही तर लेखी विचारा, एचआरला विचारा, की निवडून आले तर हाफ-टाइम होता येईल का, विनापगारी रजा मिळेल का, इन्शुरन्स कोणाकडून घ्यायचा. आणि तुमच्या कंपनीचे लॉबिस्ट राज्याच्या राजधानीत फिरतात का तेही बघा, फार्मात असतातच, मग हेल्थच्या प्रत्येक बिलावर तुम्हाला कोणीतरी विचारणार की तुमचा पगार कोण देतं. उमेदवार झाल्या झाल्या स्टेटमेंट ऑफ इकॉनॉमिक इंटरेस्ट भरावं लागतं, त्यात घर, शेअर, नवऱ्याची नोकरी, सगळं येतं आणि ते कोणालाही वाचता येतं. नवऱ्याला हे आजच सांगा, फॉर्म भरायच्या दिवशी नको.

तुमच्यासारख्याच बाकी वाचकांसाठी मध्येच एक सांगून टाकते, घरात उभं राहणारी व्यक्ती जर फेडरल गव्हर्नमेंटच्या नोकरीत असेल तर हॅच अ‍ॅक्टमुळे पक्षाच्या तिकिटावर उभंच राहता येत नाही, नोकरी आधी सोडावी लागते. नवरा किंवा बायको फेडरल नोकरीत असेल तर चालतं, पण त्यांनी कोणाकडे डोनेशन मागायचं नाही. ही चौकशी यार्ड साइन (अंगणात लावायच्या प्रचाराच्या पाट्या) छापायच्या आधी करायची असते.

आता काँग्रेसचा हिशेब. दोन-तीन टर्म, मग वॉशिंग्टन. तुमच्या राज्यात स्टेट लेजिस्लेटर १७०, काँग्रेसच्या हाउसच्या सीट १४, आणि त्या १४ च्या सीमा कोण आखतं, तर तुम्ही ज्या सभागृहात अल्पमतात बसणार आहात तेच सभागृह, आणि त्या नकाशांवर गव्हर्नरचा व्हेटोसुद्धा चालत नाही. म्हणजे तुम्ही ज्या शिडीकडे बघताय ती कोणत्या भिंतीला लावायची हे समोरचा पक्ष ठरवतो. तुमच्या स्वतःच्या डिस्ट्रिक्टचंही तेच, साधारण ८७ हजार लोकांचा तुकडा असतो, आज तुमच्या घरावरून जाणारी रेघ पुढच्या वेळी तुमच्या मागच्या अंगणातून जाऊ शकते.

पायरी म्हणून हे काम केलेली माणसं नाहीत असं नाही. ओबामा १९९७ पासून इलिनॉयच्या स्टेट सिनेटमध्ये होते, मध्ये २००० साली काँग्रेसच्या प्रायमरीत आपटले, बॉबी रश यांना त्यांच्या दुपटीने मतं पडली, आणि चार वर्षांनी सिनेटर झाले. पण ओबामांचं उदाहरण देणं म्हणजे मुलाला क्रिकेटच्या क्लासला घालताना सचिनचं उदाहरण देणं. आपण आपल्या मराठी आडनावांचीच तीन बघू, योगायोगाने तिन्ही वेगवेगळ्या तऱ्हेची आहेत.

कुमार बर्वे. जन्म इथलाच, न्यूयॉर्क राज्यातला. १९९० मध्ये मेरीलँडच्या हाउस ऑफ डेलिगेट्समध्ये निवडून आले, अमेरिकेतल्या कुठल्याही स्टेट लेजिस्लेचरमध्ये निवडून आलेले पहिले भारतीय वंशाचे. मग तिथेच राहिले, जवळपास ३२ वर्षं! मेजॉरिटी लीडर झाले, नंतर पर्यावरण आणि वाहतुकीच्या कमिटीचे चेअर. २०१६ मध्ये काँग्रेससाठी उभे राहिले, प्रायमरीत हरले, आणि हरल्यावर काय केलं तर परत आपल्या कमिटीत जाऊन बसले. २०२३ मध्ये राज्याच्या पब्लिक सर्व्हिस कमिशनवर (वीज, गॅस वगैरे कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या) नेमणूक झाली तेव्हा हाउस सोडलं.

स्वाती दांडेकर, जन्म नागपूरचा. १९९६ पासून आयोवातल्या लिन-मार स्कूल बोर्डवर, २००२ मध्ये स्टेट हाउसवर निवडून आल्या. त्या निवडणुकीत समोरच्या उमेदवाराने ईमेल लिहिली होती की भारतात वाढलेली बाई आयोवासाठी कायदे काय करणार, अशा अर्थाची. त्या ईमेलचा बोभाटा झाला, आणि निवडून दांडेकर आल्या. सहा वर्षं हाउस, मग सिनेट, आणि २०११ मध्ये युटिलिटीज बोर्डवर नेमणूक आली तशी सीट सोडली, तेव्हा त्यांच्या पक्षाचं बहुमत २६-२४ असं काठावर होतं, पोटनिवडणुकीपर्यंत पक्षवाल्यांना धाकधूक. २०१४ मध्ये काँग्रेसच्या प्रायमरीत त्याही हरल्या. पुढे एशियन डेव्हलपमेंट बँकेवर अमेरिकेच्या प्रतिनिधी झाल्या.

आणि श्री ठाणेदार, चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले. २०१८ मध्ये थेट मिशिगनच्या गव्हर्नरच्या प्रायमरीत उतरले, घरचे जवळपास एक कोटी डॉलर घातले, तिसरे आले. २०२० मध्ये डेट्रॉइटमधून स्टेट हाउसला निवडून आले, तिथे दोनच वर्षं, आणि २०२२ मध्ये काँग्रेस. तुमचा हिशेब ज्याच्याशी जुळतो असे हे एकटेच, आणि त्यांच्याकडे तेव्हा तुमच्या-माझ्याकडे नाही अशी एक गोष्ट होती ती मी वर आकड्यात लिहिलीये.

मला यात आवडतात ते बर्वे, मी लपवत नाही. ३२ वर्षं एकाच इमारतीत जाऊन पाणी, कचरा, रस्ते यावर कमिटीत बसणं हे काही फोटोत चांगलं दिसणारं काम नाही पण ज्याला ते आवडतं त्याला वर जायची घाई नसते आणि घाई नसलेल्या माणसाला हरायची भीतीही कमी असते. माझा तुम्हाला खरा प्रश्न हाच आहे, पुढे काही नाहीच आहे असं धरा, वॉशिंग्टन नाही, कमिशन नाही, काही नाही, फक्त चार वर्षं रूल्स कमिटी आणि सोमवारची संध्याकाळ, तर उभ्या राहाल? उत्तर 'नाही' आलं तर त्यात काही कमीपणा नाही. पत्रात झोनिंग बोर्डबद्दल तुम्ही ज्या चवीने लिहिलंय (ते ग्रोसरीच्या मागच्या भिंतीचं प्रकरण मी दोनदा वाचलं) ती चव काँग्रेसच्या परिच्छेदात कुठेच नाही, तिथे नुसती वर्षं मोजलीयेत.

अ‍ॅक्सेंटचं दोन वाक्यांत. ठाणेदारांचं बोलणं ऐका, ऑनलाइन भरपूर आहे, आणि मग मला परत विचारा. लोकांना तुमचं इंग्रजी समजतं की नाही याचा निकाल तुमच्या बोर्डवर पाच वर्षांपूर्वीच लागलाय. परकेपणा उकरून काढणारा कोणीतरी निघेलच, हे नाकारत नाही, पण त्याची तयारी उच्चार सुधारून होत नाही. एक गंमत, नॉर्थ कॅरोलिनाच्या घटनेत अजून एक कलम आहे की सर्वशक्तिमान देवाचं अस्तित्व नाकारणाऱ्याला कोणतंही पद घेता येणार नाही. १९६१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते चालत नाही पण कागदावर आहे. तुम्ही तर दर संकष्टीला उपास करता, तुम्हाला चिंता नाही.

पैशाचं मात्र दोन वाक्यांत होणार नाही. फॉर्म भरायची फी पगाराच्या एक टक्का, म्हणजे १४० डॉलर, तिथे काही अडत नाही. अडतं ते नंतर. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यातली माझी एक मैत्रीण अशाच सीटला उभी होती, मी तीन शनिवार तिच्यासाठी दारं वाजवली. हातात क्लिपबोर्ड, अ‍ॅपवर त्या गल्लीतल्या घरांची यादी, त्याला टर्फ म्हणतात, ऊन मी म्हणतंय, अर्ध्या घरांना डोअरबेल कॅमेरा, तो म्हणणार आम्ही आत्ता येऊ शकत नाही आणि आत टीव्हीचा आवाज. मला ते आवडलं, खरंच. एका आजोबांनी वीस मिनिटं गटाराबद्दल सांगितलं. पण तिला सगळ्यात जड गेलं ते कॉल टाइम. रोज संध्याकाळी दोन तास किचन टेबलवर बसून यादीतल्या माणसांना फोन करून पैसे मागायचे. स्पीकरवर रिंग वाजतेय, समोर ताटात पोळी वातड होत चाललीये, आणि ती म्हणतेय 'हाय, धिस इज...' आणि पलीकडून व्हॉइसमेल. आपल्या लोकांना फोन करणं तर अजून अवघड, एक जण म्हणाला अगं जेवायला या ना दोघं, पैशाचं नंतर बघू. नंतर कधी आलंच नाही. ती हरली, फार नाही, थोडक्यात. तिच्या गॅरेजमध्ये उरलेल्या यार्ड साइनच्या तारा अजून आहेत, टोमॅटोला टेकू म्हणून लावते.

आणि पैसे कोणाकडून घ्यायचे यात आपली माणसं हमखास चुकतात. सिटिझन आणि ग्रीन कार्डवाले देऊ शकतात. एच-वन, एल-वन, एफ-वन व्हिसावाले, यातले कोणीही देऊ शकत नाहीत, अगदी वीस डॉलरसुद्धा नाही, स्टेटची निवडणूक असली तरी फेडरल कायदा लागू आहे. नाशिकहून दीर काही पाठवतो म्हणाले तर हात जोडा. एच-वनवाल्या मैत्रिणी विनामोबदला दारं वाजवू शकतात, पाकिटं भरू शकतात. अजून एक, तुमचं मराठी मंडळ जर टॅक्स-एक्झेम्प्ट ५०१(सी)(३) असेल तर गणपतीच्या स्टेजवरून 'आपल्या ताईंना मत द्या' अशी घोषणा करता येत नाही. प्रेमाने करतील, व्हिडिओ टाकतील, आणि त्रास मंडळाला होईल. अध्यक्षांना आधीच सांगून ठेवा.

मग करायचं काय. तुमच्यापुढे मला उभं राहणं आणि न राहणं एवढेच दोन रस्ते दिसत नाहीत. वेक काउंटीत स्कूल बोर्ड आहे, तुमची अर्धी कळकळ शाळांची आहे, दांडेकरांनीही तिथूनच सुरुवात केली, आणि स्कूल बोर्डमध्ये तुम्ही काय ठरवता ते पुढच्या ऑगस्टमध्ये बसस्टॉपवर दिसतं. टाउन काउन्सिल आहे, तिथे तुमचा झोनिंगचा अनुभव लगेच कामाला येईल. लोकांना हे 'खालचं' वाटतं, मला नाही वाटत. किंवा यंदा दुसऱ्या कोणाला उभं करून तिच्या कॅम्पेनची ट्रेझरर व्हा, डेटावाली ट्रेझरर म्हणजे सोनं, आणि सगळी यंत्रणा आतून बघायला मिळते. मुलगा तोवर अकरावीत जाईल, 'मॉम प्लीज नको' म्हणणारं वयही जरा मागे पडेल. त्याचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, शाळेत त्याला लोक त्याच्या आईच्या फ्लायरवरून ओळखणार आहेत.

आणि उभंच राहायचं ठरलं तर फॉर्म विषम वर्षाच्या डिसेंबरात भरतात, प्रायमरी लगेच मार्चमध्ये, म्हणजे ठरवायला दिवाळीपर्यंतचा वेळ. तुमची सीट ज्या प्रकारची आहे तिथे खरी लढाई प्रायमरीच आहे. म्हणून आत्तापासून प्रीसिंक्टच्या (एका मतदान केंद्राच्या भागातल्या पार्टीवाल्यांच्या) मीटिंगला जायला लागा, कंटाळवाण्या असतात, दहा माणसं आणि एक डोनटचा बॉक्स, पण हीच माणसं पुढे मोजावी लागतात. तुमच्याच काउंटीचे जय चौधुरी, नॉर्थ कॅरोलिनाच्या लेजिस्लेचरमधले पहिले भारतीय वंशाचे, ते २०१६ मध्ये सिनेटमध्ये आले ते रिकाम्या झालेल्या सीटवर नेमणूक होऊन, आणि अशा वेळी नाव सुचवते पार्टीची स्थानिक कमिटी. म्हणजे तेच ते डोनटवाले.

मावळत्या मेंबरबाईंना कॉफीला न्या. त्यांना 'का सोडताय' हे सरळ विचारा आणि त्या 'फॅमिली' म्हणाल्या तर तिथेच थांबू नका, अजून थोडा वेळ बसा. जमलं तर त्यांच्या नवऱ्यालाही विचारा, तो जास्त खरं सांगेल.

आणि हे सगळं करण्याआधी एक मंगळवार किंवा बुधवार रजा टाका आणि जोन्स स्ट्रीटवर, म्हणजे तुमच्या राज्याच्या विधिमंडळात, जा. तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, मला पत्रात कुठे दिसलं नाही की तुम्ही तिथे एकदा तरी आत गेलाय. ती १९६३ ची इमारत, पितळेचे मोठे दरवाजे, लाल कार्पेट, कोणीही आत जाऊ शकतं, बॅग स्कॅन करतात तेवढंच. सकाळी एखाद्या कमिटीत मागच्या खुर्चीवर बसा, शक्यतो तुम्हाला अजिबात रस नाही अशा विषयाच्या, सेप्टिक टँकचे नियम वगैरे. दुपारी वर गॅलरीत बसा. घरून लाइव्ह ऐकता येतं पण त्याने कळत नाही. आणि नवऱ्याला बरोबर न्या. तुम्ही सभागृहाकडे बघा आणि मधून मधून त्याच्याकडे बघा, तो किती वेळा घड्याळ बघतो ते, आणि तुम्ही किती वेळाने बघितलंत ते. मग मला लिहा, यावेळी दोन पानं पुरेत.